मिठाविना बर्फ

मित्रांनो, माझे झाकण उघडण्याआधी जरा नाक जवळ आणा. वेलदोड्याचा वास येतो ना? माझा रंग उडाला आहे, एक बिजागरी तारेने बांधलेली आहे आणि तळाला पत्र्याचे ठिगळ आहे, पण हा वास मला सोडून जायला तयार नाही. मी केवळराम कुल्फीवाल्याची पेटी. माझ्यात कुल्फी राहिली, औषध राहिले आणि मधली काही वर्षे एका घराचा सगळा जीव माझ्यातच अडकून राहिला. तीच गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल फ्रीजकडे जावे. त्याला नुसते गुरगुरता येते, गोष्ट सांगता येत नाही.

माझा जन्म १९९९ सालच्या होळीच्या सुमारास झाला. अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावात उदाराम नावाचा सुतार होता, त्याने मला घडवले. बाहेरून सागाच्या फळ्या, आतून जस्ती पत्रा आणि दोहोंच्या मध्ये भाताचा तूस. आमच्याकडे तुसाला कोण विचारतो? धान भरडले की तो गिरणीमागे ढिगाने पडलेला असतो. पण उदारामने तो माझ्या पोटात दाबून दाबून भरला आणि केवळरामला म्हणाला, "दोन दिवस बरफ नाही राहिला तं माझं नाव बदलून टाक गा!"

उदारामचे नाव बदलण्याची वेळ आली नाही.

केवळरामने मला सायकलच्या कॅरिअरवर घट्ट बांधले. गोंदियाहून सकाळच्या गाडीने भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची. केवळराम ती फोडायचा, माझ्यात कुल्फीचे टिनाचे साचे उभे करायचा, त्यांच्याभोवती बर्फ भरायचा आणि वरून खडेमिठाच्या मुठी टाकायचा. मीठ कशाला, असे तुम्ही विचाराल. नुसता बर्फ गार असतोच, पण त्यात मीठ पडले की तो इतका गार होतो की साच्यातले दूध दगडासारखे घट्ट होते. "मिठाबिगर बरफाले जोर नाही येत," असे केवळराम सगळ्यांना सांगायचा. मला माझ्या गारपणाचा भारी गर्व होता. भर मे महिन्यात मुले माझ्या अंगाला गाल लावून उभी राहायची आणि केवळराम त्यांना हाकलून देण्याचे नाटक करायचा. मी तर त्याहून मोठे नाटक करायची. झाकण उघडले की एकदम पांढरा धूर सोडायची.

पण माझा पहिला उन्हाळा अर्धाच झाला. केवळरामची एकुलती एक मुलगी दुर्गेश्वरी तेव्हा चार वर्षांची होती. तिला ताप येऊ लागला. अंगावर निळे डाग दिसू लागले आणि चेहरा पांढराफटक पडला. आधी तालुक्याला, मग गोंदियाला, मग नागपूरला नेले. तिथे कळले की तिला रक्ताचा कॅन्सर झाला आहे. केवळराम आणि त्याची बायको मुन्नीबाई मुलीला घेऊन महिनोन्‌महिने नागपुरातच राहिले. मी सायकलसकट भिंतीला टेकून होते. माझ्या झाकणावर धूळ बसली आणि शेजारच्या कोंबडीने माझ्याखाली अंडी घातली.

तीन वर्षे औषधे चालली. सुया झाल्या. आजार डोक्यात शिरू नये म्हणून डोक्याला मशीनने किरणांचा शेक दिला. केस गेले, परत आले. मधल्या काळात केवळराम जमेल तसा आठ-पंधरा दिवस कुल्फी विकायचा आणि पुन्हा नागपूरला जायचा. अखेर २००२ साली डॉक्टरांनी सांगितले की आजार गेला. दुर्गेश्वरी घरी आली त्या सकाळी केवळरामने एक नियमच करून टाकला. दिवसाची पहिली कुल्फी तिच्या हाताने निघणार आणि ती तिनेच खायची. त्या पोरीच्या हाताची बोहणी झाल्याशिवाय सायकल अंगणाबाहेर जायची नाही.

अडचण एकच होती. तिचा हात माझ्या काठाला पोचत नव्हता. मग अंगणातल्या निंबाखालचा एक चपटा दगड केवळरामने पायाने ढकलत सायकलपाशी आणला. दुर्गेश्वरी त्यावर चढली, माझ्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि साचा ओढून काढला. त्या दिवशी मी सगळ्यात जास्त धूर सोडला.

वर्षे गेली. तिच्याबरोबरीच्या मुली उंच झाल्या, पण दुर्गेश्वरीचा दगड काही सुटला नाही. शाळेच्या रांगेत तिची जागा कायम पहिली. नाटकात बाळ लागले की गुरुजी तिलाच उचलून आणायचे. "नाव केवढं लांब अन् पोरगी केवढी!" असे म्हणून लोक हसायचे. तीही हसायची. पण अकराव्या वर्षी एकदा ती दगडावर चढता चढता थांबली आणि तिने विचारले, "बाबुजी, मी वाढून काऊन नाही राहिली?"

केवळराम सायकलची चेन बघू लागला. चेनीला काहीही झालेले नव्हते.

दरवर्षी तपासणीसाठी नागपूरला जावेच लागे. त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, तिथल्या डॉक्टरबाईंनी दुर्गेश्वरीची उंची मोजली, जुने आकडे काढले आणि तिच्या काही तपासण्या केल्या. मग त्यांनी जे सांगितले ते केवळरामने घरी येऊन उदारामला माझ्या झाकणावर कोपर टेकूनच सांगितले, त्यामुळे मला सगळे नीट कळले. आपल्या डोक्यात आत एक वाटाण्याएवढी गाठ असते. शरीर वाढवणारा रस ती तयार करते. जीव वाचवण्यासाठी दिलेल्या शेकाने दुर्गेश्वरीची ही गाठ सुस्त झाली होती. आता तो रस इंजेक्शनने रोज द्यायचा, तोही पुढची चार-पाच वर्षे. औषध फार महाग होते, पण नागपूरच्या एका संस्थेने त्याचा भार उचलला.

डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट बजावली होती. या औषधाने रक्तातली साखर वर सरकू शकते. कॅन्सरातून बऱ्या झालेल्या मुलांची साखर आधीच जरा हट्टी असते. म्हणून दर तीन महिन्यांनी उपाशी पोटी रक्त तपासायचे. साखर मर्यादेबाहेर गेली तर इंजेक्शन थांबवायचे.

शेवटी त्यांनी विचारले होते, "हे औषध थंड ठेवावं लागतं. घरी थंड ठेवायची सोय आहे ना?"

केवळराम छाती पुढे काढून म्हणाला होता, "डॉक्टरबाई, आपला धंदाच थंडाईचा हाय!"

सगळे हसले होते आणि तो विषय तिथेच संपला होता. मित्रांनो, ते हसणे आम्हाला आठ महिने महागात पडले.

गावात फ्रीज फक्त गुलाबचंद दुकानदाराकडे होता. पण त्या वर्षी आमच्याकडे दिवसातून बारा-बारा तास वीज जायची. वीज गेली की फ्रीज तोंड पाडून बसायचा आणि त्यातले पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा कोमट व्हायचे. मला वीज लागत नव्हती. साहजिकच औषध माझ्याकडे आले. काचेच्या लहान लहान नळ्या होत्या. एक नळी पेनासारख्या सुईत बसवायची आणि काही दिवस पुरवायची. केवळरामने नळ्या आणि ते पेन एका स्टीलच्या डब्यात घातले आणि डबा कुल्फीच्या साच्यांच्या मधोमध ठेवला. मग तो म्हणाला, "कुल्फीले दोन मुठी मीठ टाकतो, तं औषधाले चार टाकीन."

त्याने चार मुठी टाकल्या. मीही मनापासून गार झाले. इतकी गार मी कधीच झाले नव्हते.

रोज संध्याकाळी मुन्नीबाई डबा काढायची. आतल्या नळीतले औषध टणक झालेले असायचे. नळी दोन्ही मुठींत धरून मुन्नीबाई ओट्यावर बसायची आणि तिच्या हाताच्या उबेने औषध हळूहळू वितळायचे. मग ती दुर्गेश्वरीच्या मांडीला सुई लावायची. पोरगी हू की चू करायची नाही. पावसाळ्यात कुल्फी बंद झाली तेव्हा केवळराम तलावावरच्या मासळीवाल्यांकडून बर्फ आणू लागला. माझ्या अंगाला मासळीचा वास लागला, पण मी कुरकुर केली नाही. एवढ्या मोठ्या कामावर लागल्याचा मला अभिमान वाटत होता.

तीन महिन्यांनी रक्त तपासले. साखर जागच्या जागी होती. सहा महिन्यांनी पुन्हा तपासले, तरी ती हलली नव्हती. मुन्नीबाईला इतका आनंद झाला की तिने घरी येऊन तुपातला शिरा केला आणि सगळ्या आळीत वाटला. साखर वाढली नाही म्हणून शिरा करणारी बाई मी तेवढी एकच पाहिली.

पण डॉक्टरबाई खूश नव्हत्या. आठ महिने झाले तेव्हा त्यांनी उंची दोनदा मोजली आणि म्हणाल्या, "उंची हलत नाही. साखरही केसभर हलत नाही. औषध अंगात गेलं तर काहीतरी कुठेतरी हलायला पाहिजे. केवळरामभाऊ, पुढच्या आठवड्यात ती औषधाची पेटीच इकडे घेऊन या."

केवळरामला वाटले, माझे कौतुक होणार. मलाही तसेच वाटले. त्याने मला राखेने घासले, नवीन लादी आणून बर्फ भरला आणि मीठ जरा जास्तच टाकले. पाहुण्यांपुढे कमी पडायला नको. मुन्नीबाईला घेऊन आम्ही बसने निघालो. मला टपावर ठेवायला केवळराम तयार होईना, म्हणून मी सीटवर बसले आणि तो उभा राहिला. कोहमाऱ्याला नागपूरची गाडी धरायला उतरलो, तेव्हा ढाब्यासमोर एका लहान मुलीने विचारले, "काका, कुल्फी कितीले?"

"आज कुल्फी नाही बाई," केवळराम ऐटीत म्हणाला, "आज पेटी डॉक्टरले भेटाले चालली."

दवाखान्यात मला डॉक्टरबाईंच्या टेबलावरच ठेवले. त्यांनी माझे झाकण उघडले. मी धूर सोडला. त्यांनी एक काचेची नळी, म्हणजे थर्मामीटर, माझ्यात सोडून थोडा वेळ वाट पाहिली. मग ती वर काढून डोळ्यांजवळ धरली. केवळराम हसऱ्या चेहऱ्याने बघत होता.

"उणे सहा," डॉक्टरबाई म्हणाल्या. पाच तासांच्या प्रवासानंतरही उणे सहा! मी कौतुकाची वाट पाहू लागले.

डॉक्टरबाईंनी डबा उघडून एक नळी हलवून पाहिली. आतले औषध हलले नाही. "हे तर गोठलेलं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "रोज असंच असतं?"

"होय जी," मुन्नीबाई पटकन म्हणाली. "रोज मी हातात धरून पाघळवते, मंगच देते. थंड सुई पोरीले लागते ना."

मग डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले. हे औषध थंड ठेवायचे, पण गोठू द्यायचे नाही. एकदा गोठले की ते मोडते. नंतर वितळून पाण्यासारखे स्वच्छ दिसले तरी त्यात ताकद उरत नाही.

केवळरामचा चेहरा पाहवत नव्हता. "म्हंजे," तो म्हणाला, "आठ महिने मी पोरीले पाणी टोचून राहिलो होतो का?"

"चूक माझीही आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी थंड म्हटलं. किती थंड, ते सांगितलंच नाही. तुम्ही कुल्फीवाले आहात हे ऐकून मी विचारायला हवं होतं."

मित्रांनो, त्या टेबलावर मला पहिल्यांदा माझ्या गारपणाची लाज वाटली. ज्या गुणाने मी मिरवत होते त्यानेच त्या पोरीची आठ महिन्यांची वाढ खाल्ली होती. कोणी मला बोल लावला नाही. पण परतीच्या बसमध्ये केवळरामने मला टपावर ठेवले आणि सगळी वाट तो खिडकीबाहेर बघत राहिला.

डॉक्टरबाईंनी नव्या नळ्या दिल्या होत्या, एक थर्मामीटर दिला होता आणि सांगितले होते की पारा दोन आणि आठच्या मध्ये राहिला पाहिजे. उदारामने माझ्या आत बर्फाच्या वर बसेल अशी एक फळी बसवली. खाली बर्फ, त्यावर फळी, फळीवर दुपदरी गोणपाट आणि गोणपाटावर औषधाचा डबा. मीठ मात्र अजिबात नाही. बर्फ थेट डब्याला लागू द्यायचा नाही.

आता एकाच पेटीत दोन्ही कामे होणे शक्य नव्हते. कुल्फीला मीठ हवे, औषधाला मीठ नको. उदाराम म्हणाला, "दुसरी पेटी ठोकून देतो गा. तुहा धंदा कायले बंद पाडतोस?"

केवळरामने मान हलवली. "ज्या मुठीनं मीठ टाकलं ते मूठ आता बंद. पोरगी वाढू दे पहिले."

तो तांदळाच्या गिरणीत पोती उचलायला जाऊ लागला. मी सायकलवरून उतरून घरात एका बुटक्या स्टुलावर येऊन बसले. रस्त्यावर कोणी विचारले, "केवळराम, कुल्फी काऊन बंद?" तर तो म्हणायचा, "पेटी कामात हाय." खरे सांगू? सुरुवातीला मला फार वाईट वाटले. मुलांचे गाल नाहीत, घंटी नाही, धूर नाही. आणि बेताने गार राहणे हे फार कठीण काम असते. नुसते गार होणे कोणालाही जमते. बर्फ थोडा जास्त झाला की पारा एकावर यायचा, कमी झाला की दहावर जायचा. दुर्गेश्वरी सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर काढून ओरडायची, "चार!" किंवा "सहा!" आणि घरात सगळ्यांचा श्वास मोकळा व्हायचा. एखादे दिवशी "नऊ!" झाले की केवळराम जेवण सोडून मासळीवाल्यांकडे बर्फाला पळायचा. पंधरा-वीस दिवसांत मला ते जमू लागले. नंतर तर मी चार सोडून हलायची नाही. त्या "चार!"मध्ये मला धुरापेक्षा जास्त मजा वाटू लागली.

आणि दुर्गेश्वरी वाढू लागली! आधी चपला लहान झाल्या. मग सलवार घोट्याच्या वर गेली. मुन्नीबाईने खालची शिवण उसवून ती लांब केली, तर दोन महिन्यांत ती पुन्हा वर गेली. मुन्नीबाई शिवण उसवायची आणि रडायची आणि हसायची.

त्यातच तीन महिन्यांची तपासणी आली. या वेळी साखर हलली होती. उपाशी पोटी शंभराच्या आत हवी, ती एकशे चौदा झाली होती. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले, "औषध लागू पडलं, त्याची ही दुसरी बाजू आहे. अजून मधुमेह नाही, पण ही त्याच्याच वाटेवर आहे. पुढच्या तपासणीत एकशे सव्वीसला टेकली तर मला इंजेक्शन थांबवावं लागेल. तीन महिने आहेत तुमच्याकडे."

घरी आल्यावर मुन्नीबाई चुलीपुढे नुसतीच बसून राहिली. मुलगी दवाखान्यातून जिवंत आली तेव्हापासून रोज रात्रीच्या भातावर ती दूध आणि मूठभर साखर घालून द्यायची. गावातलाही कोणी दुर्गेश्वरीला मोकळ्या हाताने जाऊ द्यायचा नाही. कोणी लाडू द्यायचे, कोणी गुळाचा खडा. मरणातून परतलेल्या पोरीचे तोंड गोड करायचे, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते.

"पोरगी मौतीच्या तोंडातून आली," मुन्नीबाई म्हणाली. "अन् आता तिच्या तोंडचा घास मी कायले काढू?"

दुर्गेश्वरी माझ्याजवळच बसली होती. ती म्हणाली, "माय, घास नको काढू. साखर काढ."

मुन्नीबाईने तिच्याकडे पाहिले. मग उठून साखरेचा डबा वरच्या फळीवर, अगदी मागे ठेवला.

त्या दिवसापासून घराची रीत बदलली. भाताचा डोंगर गेला आणि एक वाटी भात आला, बाजूला भरपूर भाजी, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, तलावातली मासळी. चहा बिनसाखरेचा झाला, तोही सगळ्यांचा. केवळराम पहिल्या घोटाला असे तोंड करायचा की मुलगी पोट धरून हसायची. शाळेतून आल्यावर दुर्गेश्वरी गिरणीपर्यंत चालत जायची आणि बाप-लेक तलावाच्या पाळीवरून लांबच्या वाटेने घरी यायचे. दमलेला माणूस जवळची वाट सोडून लांबून येतो म्हणून गावकऱ्यांना नवल वाटायचे. लाडू परत केले म्हणून दोन बायका रुसल्याही. मुन्नीबाईने त्यांना घरी बोलावून सगळे समजावले. तेव्हा त्यातली एक म्हणाली, "मंग तसं सांगाचं ना बाई! आम्ही शेंगा देऊ."

पोरीला गोड आठवत नव्हते असे नाही. एकदा घरात कोणी नसताना तिने माझे झाकण उघडले, आत डोके घातले आणि वेलदोड्याचा वास घेतला. मग हळूच माझ्या पत्र्याला जीभ लावून पाहिली. पत्र्याला पत्र्याचीच चव लागली. ती एकटीच हसली आणि झाकण लावून फिरायला गेली. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

तीन महिने संपले. ज्या दिवशी ते नागपूरला गेले त्या दिवशी मी स्टुलावर बसून होते. पारा किती होता कोण जाणे, बघायला घरी कोणी नव्हते. संध्याकाळी दार उघडले आणि दुर्गेश्वरी चपला न काढताच ओरडली, "एकशे दोन!" मला वाटले माझाच पारा वाचला. मग समजले, ती साखर होती. इंजेक्शन चालू राहणार होते. मुन्नीबाईने आनंदाने काहीतरी करायला घेतले आणि मध्येच थांबली. मग तिने शेंगा उकडल्या आणि आळीत त्याच वाटल्या.

त्यानंतर साखर कधी सत्त्याण्णव, कधी एकशे तीन, अशी काठाकाठाने चालली, पण तिने हद्द ओलांडली नाही. चार वर्षे मी माझे काम केले. २०११ च्या दिवाळीनंतर डॉक्टरबाईंनी सांगितले की वाढ पूर्ण झाली, आता इंजेक्शन बंद. दुर्गेश्वरी चार फूट साडेनऊ इंच झाली होती. फार उंच नव्हे, पण तिच्या आईच्या कानाला लागत होती. साखर मात्र तिने दरवर्षी तपासायची, जन्मभर. ती तपासतेही.

मला रिकामे करून उन्हात वाळवले. मला वाटले, आता पुन्हा कोंबड्या. पण होळीच्या आधी एका सकाळी केवळरामने मला उचलले, सायकलवर ठेवले आणि दोऱ्या आवळल्या. साचे भरले, भोवती बर्फ भरला, मिठाची थैली सोडली. आणि तो तसाच उभा राहिला. थैलीत हात घालायचा आणि रिकामा बाहेर काढायचा. मग काहीतरी करायचे म्हणून त्याने निंबाखालचा तो चपटा दगड पायाने ढकलत सायकलपाशी आणला.

दुर्गेश्वरी बाहेर आली. "बाबुजी, हा दगड कायले?"

केवळराम ओशाळला. "सवय हाय बाई."

"मंग तुम्हीच बसा त्याच्यावर," ती म्हणाली. तिने त्याला खांद्याला धरून दगडावर बसवले, थैलीतून भरगच्च मूठ घेतली आणि विचारले, "आता आत कुल्फीच हाय, बाबुजी. टाकू ना?"

केवळरामने मान डोलावली. तिने मीठ टाकले, एक मूठ, मग दुसरी. पाच वर्षांनी माझ्या बर्फाला जोर आला. साचे घट्ट झाले तेव्हा ती दोन्ही पाय जमिनीवर ठेवून वाकली, माझ्यात हात घातला आणि पहिली कुल्फी काढली. एक कोपरा स्वतः चावला आणि बाकीची बापाच्या हातात दिली. "बोहणी तुमची," ती म्हणाली. केवळराम दगडावर बसून कुल्फी खात होता आणि कुल्फीआधी त्याचे डोळेच गळत होते. मी असा धूर सोडला की निंबाखाली काही दिसेना.

मित्रांनो, तुमच्या वर्गात मोठ्या आजारातून उठलेला कोणी असेल तर त्याला रांगेत पुढे ढकलून हसू नका आणि दया आली म्हणून लाडूही कोंबू नका. त्याच्याबरोबर तळ्यापर्यंत चालत जा. आजार गेला तरी त्याची तपासणी चुकू देऊ नका. आणि घरात औषध आणले की धीटपणे विचारा, थंड म्हणजे किती थंड? विचारणाऱ्याला कोणी हसले तर हसू द्या. बस, मला एवढेच सांगायचे होते. आता जाताना माझे झाकण तेवढे नीट लावून जा, आत साचे आहेत.